शेतरस्त्याचे तंटे आणि अर्धवट समझोते

संपादक महोदय,

गावातले तंटे गावातच मिटवावेत, हे बोलणे नवे नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली, ग्रामसभांनी समित्या नेमल्या, गावांना बक्षिसेही मिळाली. पण बक्षिसाचे गुण मिटलेल्या तंट्यांवर मिळत असल्याने मिटल्याची नोंद करण्याची घाई अंगवळणी पडली. दोघांना चावडीवर बसवायचे, वडीलधाऱ्यांनी 'जाऊ द्या, भाऊबंदच आहात' म्हणायचे, कागदावर सह्या आणि मग चहा. पुढच्या पेरणीला नांगर त्याच बांधावर अडतो.

गडबड पहिल्याच प्रश्नात होते. 'रस्ता देणार की नाही?' असे विचारले की 'नाही' हेच उत्तर येते आणि चारचौघांत तोंडातून गेलेला 'नाही' मागे घेणे जड जाते. म्हणून प्रशिक्षित मध्यस्थ एकत्र बैठक झाल्यावर दोघांशी वेगवेगळे बोलतो आणि ऐकलेले परवानगीशिवाय पलीकडे नेत नाही. 'रस्ता का नको?' याची खरी उत्तरे तिथे निघतात. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त नोंद चढेल, बैलगाडीपुरती दिलेली वाट उद्या उसाच्या ट्रॉलीची होईल, ठिबकची नळी तुटेल. कधी नुसतेच, पोराच्या लग्नात मान दिला नाही. हे शेवटचे हसण्यावारी नेऊ नये. तिथे दिलगिरीचे दोन शब्द लागतात. ट्रॉलीच्या भीतीला मात्र रस्त्याची रुंदी फुटांत ठरवूनच उत्तर द्यावे लागते.

वाद मुळात हद्दीचाच असेल, तर मोजणीआधीची चर्चा वाया जाते. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज कोण करणार, शुल्क कसे वाटून घ्यायचे आणि निघालेली हद्द दोघे मानणार का, एवढेच पहिल्या बैठकीत ठरवावे. रस्ता जुना असल्याचा दावा असेल, तर गाव नकाशा आधी पाहावा. पुष्कळदा तुटक रेषेने वाट तिथे दाखवलेली असते.

सर्वांत जास्त पाणी मुरते ते लेखी समझोत्यात. 'दोघांनी सामंजस्याने रस्ता वापरावा' या वाक्याला काही किंमत नाही. दोन्ही गट क्रमांक, कोणत्या बाजूच्या बांधावरून, रुंदी किती फूट, त्यातली कोणाच्या हद्दीतून किती, कोणती वाहने, उभ्या पिकात काय करायचे, मुरूम कोण टाकणार, नळीसाठी रस्त्याखालून पाइप कोणाच्या खर्चाने, कोणत्या तारखेपासून, हे सारे लिहावे आणि सोबत हातनकाशा जोडावा. सह्या सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांच्या हव्यात. थोरला भाऊ सही करतो, बहिणींची नावे उताऱ्यावर असूनही त्यांना कोणी बोलावत नाही आणि वर्षभरात त्यातल्याच एकीची हरकत येते. तिचे काय चुकले?

दुसरा खड्डा मुदतीचा. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करावा लागतो. बैठकांवर बैठका होतात, 'पुढच्या सोमवारी बघू' म्हणता म्हणता सहा महिने सरतात आणि अडवणाऱ्याचे आपसूक फावते. बोलणी चालू असतानाही दावा दाखल करून ठेवण्यात वावगे काही नाही, हे समितीनेच अर्जदाराला सांगायला हवे. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर वाट निराळी : जमीन महसूल संहितेचे कलम 143.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण आहे. दोन्ही बाजूंची आधी संमती, तीन मध्यस्थांचे मंडळ आणि लेखी समझोता, अशी ती रचना. मात्र तो समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत नाही. तेव्हा ज्यात जमिनीचा हक्क गुंतला आहे, तो समझोता तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीपुढे नेऊन निवाडा करून घ्यावा. प्रकरण न्यायालयात दाखल झालेले नसले तरी तसे करता येते. त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. आधीच दावा चालू असेल, तर न्यायशुल्कही परत मिळते.

काही तंटे समितीने हातातच घेऊ नयेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा (अॅट्रॉसिटीचा) गुन्हा, बाईवरचा किंवा मुलावरचा लैंगिक अत्याचार चावडीवर 'मिटवणे' म्हणजे फिर्यादीवर दबाव आणणे. बांधावरच्या मारामारीतही गुन्हा तडजोडपात्र, म्हणजे कायद्याने आपसात मिटवता येण्याजोगा, आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

न्यायालयांशी जोडलेल्या मध्यस्थांना 40 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाला बहुधा एक तासही मिळत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने उन्हाळ्यात, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, प्रत्येक समितीतल्या किमान तिघांना हे शिकवावे आणि त्या तिघांत एक तरी बाई असावी.

— एक मध्यस्थ, सातारा जिल्हा