छकुलीच्या कार्डाचा फोटो पाठव

प्रिय मनू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू रडलीस ते डोक्यातून जातच नाहीये गं. तुझ्याकडे रात्रीचे दोन वाजलेले, छकुली मांडीवर झोपलेली आणि तू एका हाताने फोन धरून एकामागून एक रील बघतेयस, एक बाई म्हणते चौथ्या महिन्यात नाचणीसत्व चालू करा, दुसरी म्हणते सहाच्या आधी पाणीसुद्धा नको, बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणी मध चाटवायला सांगतंय आणि आईने सहाण काढून ठेवलीये. मी फक्त "झोप आता" म्हटलं आणि फोन ठेवला. चुकलंच माझं. म्हणून आज बाळ्याला झोपवून नीट बसून लिहितेय. आईलाही वाचून दाखव, तिच्यावर रागावून काही लिहिलेलं नाहीये.

आधी खाण्याचं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही, परळच्या मे महिन्यातही नाही, कारण दुधात पाणीच जास्त असतं. हे डब्ल्यूएचओ सांगते, आपली बालरोगतज्ज्ञांची संघटना आयएपी सांगते, आणि इथे बर्मिंगहॅममध्ये मला नर्सनेही तेच सांगितलेलं. छकुली पाच महिन्यांची झाली, म्हणजे एक महिना थांबायचंय फक्त. मग नाचणीसत्व, मऊ वरणभात, वर तूप, सगळं आईच्याच हातचं खाऊ दे तिला.

मध मात्र वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही. आई म्हणेल तुम्हाला दोघींना चाटवला, काय झालं? काही नाही झालं, आपलं नशीब. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात, मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढतात आणि विष तयार करतात, मग बाळ लुळं पडतं, दूध ओढत नाही, श्वासापर्यंत जाऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं तेव्हा बोटभर मधासाठी होतं. गुटीचंही तसंच, सहाणेवर जायफळ किती वेढे उगाळलं ते रोज वेगळं, आणि पाणी कुठलं ते बघावं लागतं. काजळ पण नको, त्यात शिसं निघालेलं आहे. पण आईची तेलाची मालिश चालू ठेव, हलक्या हाताने, नाकाकानात तेल सोडायचं नाही एवढंच. मालिश करताना आई तिच्याशी जे बोलत असते ना, ते कुठल्याच महागड्या खेळण्यात मिळणार नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. तू विचारलंस, ताई मी कुणाचं ऐकू? मी बाळ्याच्या वेळी हेच विचारत फिरले. सातव्या महिन्यात तो असा काटकुळा दिसायचा की देवळात भेटणारी प्रत्येक बाई म्हणायची, सुकलाय गं, दूध पुरत नसेल. मी रात्री रडायचे, डब्याचं दूध मागवून ठेवलेलं. मग हेल्थ व्हिजिटर आली, इथे त्या नर्स घरी येतात, तिने बाळाचं लाल पुस्तक उघडलं, जन्मापासूनच्या वजनाचे ठिपके पेनाने जोडले आणि म्हणाली बघ, हा पहिल्यापासून याच रेषेच्या बाजूने चाललाय, खालची रेष ओलांडून घसरलेला नाही. खूप बारीक आहे असं नाही, तो असाच आहे. मनू, त्या दिवशी मी सहा महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

तसंच कार्ड तुझ्याकडेही आहे. पालिकेच्या दवाखान्यात नाव घातलंस तेव्हा दिलेलं, माता बाल संरक्षण कार्ड, ते कपाटात फाइलमध्ये पडलंय असं तूच म्हणालीस. काढ ते. त्यात मुलींचा वजनाचा वेगळा तक्ता आहे, मुलांचा वेगळा, आणि कुठल्या महिन्यात बाळ काय करायला लागतं त्याची चित्रंही आहेत. बाबा म्हणाले ना, हे तक्ते गोऱ्या मुलांचे असतात, आपल्याला कशाला लावायचे? तर त्यांना सांग, डब्ल्यूएचओने 2006 साली हे तक्ते काढले ते सहा देशांतल्या बाळांना मोजून, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत, दिल्लीची बाळं होती त्यात. आणि आईच्या दुधावरची बाळं धरून काढलेत. एका दिवसाचं वजन काही सांगत नाही, शेजारच्या बाळाचं तर त्याहून नाही, रेष कुठे चाललीये ते बघायचं. सपाट झाली किंवा खाली वळली तर डॉक्टर, नाहीतर जेव आणि झोप.

मी कुणावर विश्वास ठेवते सांगू? ज्याने लिहिलंय तो कोण ते दिसतं का, कधी तपासलंय ती तारीख आहे का, आणि शेवटी मला काही विकत घ्यायला सांगतोय का. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेबसाइटवर पानांखाली तारीख असते, परत कधी तपासणार तेही असतं. आयएपीने आईबाबांसाठी लिहिलेलं सगळं फुकट वाचता येतं. आणि ती डब्याच्या दुधाची रील तू मला पाठवलीस ना, गोड आवाजातली? आपल्याकडे 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक केला, दोन वर्षांखालच्या बाळांचं डब्याचं दूध, बाटल्या, पाकिटातला खाऊ, कशाचीच जाहिरात करता येत नाही. म्हणजे जी बाई तुला ते विकतेय ती पहिल्याच पायरीला कायदा मोडतेय, तिचं छकुलीबद्दल काय ऐकायचं? तुझ्या डॉक्टरने बघून डबा लिहून दिला तर बिनधास्त दे, त्यात लाज काही नाही, तो वेगळा विषय.

लसीचं मी स्वतः चुकले म्हणून जास्त लिहिते. बाळ्याची गोवराची लस वर्षाला होती, नोव्हेंबर 2023. त्याच आठवड्यात कुणीतरी व्हिडिओ फॉरवर्ड केला, या लसीने मुलं ऑटिस्टिक होतात म्हणून, आणि मी अपॉइंटमेंट पुढे ढकलली. दोन महिने. जानेवारीत इथे बर्मिंगहॅममध्येच गोवर एवढा पसरला की सरकारला राष्ट्रीय पातळीवर जाहीर करावं लागलं, नर्सरीतून पत्र आलं, मी ते हातात घेऊन जिन्यात बसून राहिले. मग शोधलं तर कळलं तो सगळा बोभाटा 1998 च्या एका शोधनिबंधामुळे, बारा मुलांवरचा, ज्या नियतकालिकात छापला त्यानेच 2010 ला मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स गेलं. एवढं जुनं, खोटं ठरलेलं, आणि माझ्या फोनवर नवीन होऊन आलं. आपल्याकडे 2022 च्या शेवटी गोवंडीत गोवराने मुलं गेली ते तुला आठवत असेल. छकुलीची गोवर-रुबेलाची लस नऊ महिन्यांना आहे, पालिकेच्या दवाखान्यात फुकट, तारीख आत्ताच फ्रिजवर लाव. प्रायव्हेट डॉक्टर आणखी लसी सांगतील, त्यांना सरळ विचार ही कशासाठी, सरकारी यादीत का नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने चिडत नाही.

आणि इथे सगळं छान, तिथे काही नाही असं मनात आणू नकोस. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी आपल्या सायन हॉस्पिटलात निघाली, 1989 ला, डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी. गडचिरोलीत बंग पतिपत्नींनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी तान्ह्या बाळांची तपासणी चालू केली, नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज आशाताई घरी येते ती त्याच कामातून. ती आली की तिला दारातून परत पाठवू नकोस, चहा दे, कार्ड समोर ठेव, मनातलं सगळं विचार.

बाळ दूधच घेत नाहीये, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, झटका आला, मलूल पडलंय, तर ग्रुपवर विचारायचं नाही, मलाही नाही, उचलायचं आणि वाडिया हॉस्पिटलला जायचं. चालत दहा मिनिटांवर आहे तुझ्या.

आणखी एक. छकुली झोपली तरी तुला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते तुझ्या डॉक्टरला सांग. टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, 14416 नंबर, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी तेव्हा कुणालाच नाही सांगितलं, आईलाही नाही. आई, आता तुला कळलं. तू रात्री एकदा उठून छकुलीला घे आणि हिचा फोन बाहेरच्या खोलीत ठेव.

डिसेंबरात येतेय, तिकिटं काढली. तोवर उद्या सकाळी कार्डाच्या त्या वजनाच्या पानाचा फोटो काढून पाठव, ठिपके आपण दोघी कॉलवर जोडू.

तुझी,
ताई