मनू, आधी वरचा लागतो का बघ

मनू,

काल रात्री फोन आपोआप कट झाला असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, मीच ठेवला. "आई, तू आयुष्यात एकदा तरी गाडी चालवलीयेस का?" हे तू म्हणालीस ते खरंच आहे, नाही चालवली. म्हणून लिहायला बसले. फोनवर मला मुद्द्याचं बोलता येत नाही आणि तू मध्येच "हं हं" करतेस.

तो मागचा माणूस सिग्नलला काच खाली करून ओरडला म्हणून तुला कळलं तरी, नाहीतर ब्रेक लाईटशिवाय किती दिवस फिरत होतीस कोण जाणे. तू ते हसत सांगितलंस, मला नाही हसू आलं. रात्री टेल लाईट, म्हणजे मागचे ते मंद लाल दिवे, लागलेले दिसतात ना गं, त्यामुळे मागच्याला वाटतं सगळं ठीक आहे, गाडी चाललीय. तू थांबतेयस हे त्याला कळणार कसं? 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते. जाऊ दे, हे परत परत बोलणार नाही असं ठरवून बसलेय.

बाबांना सांगायचं नव्हतं. पण त्यांना भिंतीपलीकडचं ऐकू जातं, तुला माहितीये. हल्ली दिवसाला मोजून चार शब्द बोलतात आणि त्यातले दोन नर्ससाठी असतात. सकाळी बराच वेळ छताकडे बघत होते आणि मग एकदम म्हणाले, "वरचा लागतो का?" मला आधी कळेचना, मला वाटलं पंख्याबद्दल विचारतायत. मग ट्यूब पेटली. मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाईट!

तर ते आधी बघ. वरचा लागत असेल आणि खालचे दोनच लागत नसतील तर फ्यूज आणि पेडलचा स्विच बहुतेक ठीक आहेत, मग बल्ब, होल्डर नाहीतर मागची वायर. तिन्ही मेले असतील तर फ्यूज किंवा स्विच. तू फ्यूज स्वतः काढून बघितलास म्हणालीस, चांगला आहे म्हणालीस. मी तेव्हा काही बोलले नाही, पण फोन ठेवल्यावर लगेच मावशीला सांगितलं. नुसतं डोळ्याने बघून कळत नाही कधीकधी, बारीक तडा असतो, त्यामुळे तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावून बघ. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर 10 लिहिलंय का 15 ते वाच आणि तेवढाच लाव, मोठा लावायचा नाही म्हणजे नाही. फ्यूज उडण्याऐवजी वायर जळते. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर असतात, म्हणून हॉर्न वाजतो का तेही बघ.

मला हे कसं माहीत असं वाटेल तुला. एकोणीस वर्षं ते पेडल मीच दाबलंय. बाबा मागे उभे राहायचे आणि ओरडायचे "दाब... सोड... दाब... धरून ठेव". मी साडी आवरत सीटच्या टोकावर बसून दाबायची. त्या गाडीचे ब्रेक लाईट लागलेले मी एकदाही बघितले नाहीत, आठवतंय का बघ, मी कायम आत. नंतर तू दाबायला लागलीस, पाय पुरायचे नाहीत म्हणून स्टिअरिंगच्या खाली घसरून पूर्ण झोपायचीस आणि डोकं दिसेनासं व्हायचं. बाबा मागून ओरडायचे, ड्रायव्हर कुठे पळाला?

आता तिथे दाबायला कोण आहे? हेच मला काल म्हणायचं होतं आणि मी भलतंच बोलले.

एकटीने बघायचं असेल तर अंधारात भिंतीजवळ गाडी पाठ करून लाव, ब्रेक दाब आणि आरशात बघ, भिंतीवर लाल किती वाढतं ते. किंवा सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकव आणि मागे जाऊन बघ, फक्त गाडी बंद आणि हँडब्रेक ओढलेला. अंधारात म्हणजे गाडी लावून गं. अंधारात चालवू नकोस.

बल्ब काढताना दाबून फिरवायचा म्हणजे सुटतो. तो 21/5 वॉटचा असतो, आत दोन तारा, 5 ची टेल लाईटची आणि 21 ची ब्रेकची. म्हणून टेल लाईट लागतो म्हणजे बल्ब चांगला असं समजू नकोस, एक तार गेलेली असते आणि दुसरी जळत असते. काच काळी पडलेली दिसली तर झालंच. त्याच्या बाजूच्या दोन खिळ्या खालीवर असतात, उलटा बसणार नाही, जोर करू नकोस. होल्डरमध्ये हिरवट काही साठलेलं दिसलं तर बारीक पॉलिश पेपरने घास, आधी लाईट बंद कर. पाऊस त्या लाल काचेच्या रबरातून आत जातो, आपल्या गाडीची ती जुनी खोड आहे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल तर अर्थिंग, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडलेली वायर, खराब, बल्ब बदलून काही होणार नाही.

स्विच पेडलच्या वर असतो, मान वाकडी करून टॉर्चने बघावं लागतं. पेडल सोडलेलं असताना त्याचं बटण आत दाबलेलं असतं, पेडल खाली गेलं की बटण बाहेर येतं आणि लाईट लागतो. त्या बटणाच्या समोर पेडलवर छोटा प्लास्टिकचा ठोकळा असतो. तुझ्या दहावीच्या वर्षी तो ठोकळा म्हातारा होऊन चुरा झाला, बटण मोकळंच राहिलं आणि लाईट रात्रभर चालू, सकाळी बॅटरी डेड. बाबांनी दोन तास शोधलं. शेवटी सापडलं ते मला, पायाखालच्या मॅटवर पिवळट तुकडे होते, मी झाडत होते. यावर ते आठवडाभर बोलले नाहीत, हे वेगळं. तुझ्याकडे आत्ता उलट झालंय, पण मॅट झटकून बघायला काय जातं.

स्विचच्या दोन वायरींवर एकेक करून मल्टीमीटर लाव, त्याचं काळं टोक गाडीच्या लोखंडाला. एकीवर कायम 12 व्होल्ट पाहिजेत, दुसरीवर फक्त पेडल दाबल्यावर. पहिलीवर आहेत आणि दाबूनही दुसरीवर येत नाहीत तर स्विच गेला. बाबांचं मल्टीमीटर डिकीत डाव्या कोपऱ्यात फडक्यात आहे, मीच ठेवलं तू निघालीस तेव्हा, तुला सांगितलं असतं तर "कशाला" म्हणाली असतीस. आणि डिकीच्या बिजागरीपाशी वायरचा जुडगा वाकतो तिथे हात फिरवून बघ, इतकी वर्षं उघडझाप झालीय त्याची.

बघ, परत लेक्चर झालं. तू नाईट करून थकून येतेस आणि मी हे पान पाठवणार. नको वाचूस सगळं. फक्त दुरुस्त होईपर्यंत गाडी काढू नकोस, येता-जाताना कुणाबरोबर ये. दिवसा मागच्याला दिसतं असं म्हणशील, तर दिवसाही नाही दिसत, उन्हात तर नाहीच. वायरिंगवाल्याकडे न्यायची तरी पुढे-मागे कुणाला तरी घेऊन जा, नाहीतर त्यालाच बोलाव. ती गाडी तुला द्यायला मीच हट्ट केला होता, बाबा विकूया म्हणत होते, त्यामुळे काही झालं तर... नाही, हे पण लिहिणार नव्हते.

काल तुला "मग नको सांगूस मला काही" म्हणाले ते मनावर घेऊ नकोस. सांगत जा.

वरचा लागतो का एवढंच आधी कळव, बाबांनी मगापासून तिसऱ्यांदा विचारलंय.

आई