एजन्सी सोडाल, पण पहिले अडीच महिने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुपवाड, मिरज, पलूस या औद्योगिक वसाहतींत सीएनसी प्रोग्रॅमर, पीएलसीवाले, मेंटेनन्स फिटर, ड्रॉइंग करणारी मुले अशा अनेकांच्या तोंडी हल्ली एकच विषय असतो: कंपन्यांना कंत्राटी माणसे पुरवणारी मधली मॅनपॉवर एजन्सी हवी कशाला, कंपनीशी थेट बोलू. एजन्सी चाळीस हजारांचे बिल लावते आणि आपल्या हातात तीसच पडतात हे एकदा कळले की डोके फिरणारच. विचार चुकीचा नाही. मात्र मधल्या दहा हजारांत नेमके काय काय बसते, याचा हिशेब फार थोडे जण मांडतात.

त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उधारी. कंपनीचे पैसे एजन्सीला ४५, ६०, कधी ९० दिवसांनी मिळतात, पण कामगाराचा पगार तिला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. तिने तो बुडवला तर देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. थेट काम घेतले की हे दोन्ही आधार संपतात. समजा, महिना ३६,००० रुपये ठरले. महिनाभर काम करायचे, एक तारखेला बिल द्यायचे आणि तिथून ४५ दिवस थांबायचे, म्हणजे पहिला रुपया काम सुरू झाल्यापासून अडीच महिन्यांनी दिसतो. तोवर तुमचे ९०,००० रुपये कंपनीकडे अडकलेले असतात. एवढी शिल्लक किंवा पतसंस्थेची सोय हाताशी नसेल, तर आधी ती करावी आणि मगच एजन्सीला नोटीस द्यावी.

दुसरा हिशेब दराचा. तीस हजारांच्या पगारात मालकाचा पीएफ वेगळा असतो. १५,००० च्या मर्यादेवर प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. त्याशिवाय भरपगारी रजा आणि सणांच्या सुट्ट्या. थेट काम करणाऱ्याला दोन कामांच्या मधला रिकामा काळही स्वतःच सोसावा लागतो. वर्षात एक महिना रिकामा गेला तरी ३६,००० च्या दराने महिन्याला तीन हजारांचा फटका. व्यवसाय कराचे वर्षाला २,५००, विमा आणि रिटर्न भरण्याची फी धरली, तर ३६,००० ची थेट बोली साधारण तीस हजारांच्या पगाराएवढीच पडते. खरा फायदा त्याच्या वर सुरू होतो. ‘तीसचे बत्तीस देतो, थेट ये’ म्हणणारी कंपनी तुमच्याच पैशांनी बचत करते आहे.

बोलणी करताना ‘एजन्सीचा १८ टक्के जीएसटी वाचेल’ असा मुद्दा हमखास मांडला जातो. कारखान्यापुढे त्यात दम नाही. करपात्र माल विकणारा कारखाना त्या जीएसटीचे क्रेडिट घेतो, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून तो वजा करतो, त्याच्या खिशातून फारसे काही जात नाही. मिरजेच्या रुग्णालयांचे गणित मात्र वेगळे आहे. आरोग्यसेवा जीएसटीमुक्त असल्याने त्यांना हे क्रेडिट मिळत नाही. चाळीस हजारांच्या बिलावरचे ७,२०० रुपये हा त्यांचा निव्वळ खर्च असतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. म्हणून यंत्रे सांभाळणाऱ्या किंवा संगणकाचे काम बघणाऱ्या तंत्रज्ञाला थेट बोलीची ताकद कारखान्यापेक्षा रुग्णालयात जास्त आहे. शाळांनाही बऱ्याच अंशी हेच लागू पडते. अकाउंट्स विभाग सवयीने जीएसटी नंबर मागतो. नोंदणीची गरज का नाही हे एका ओळीत लिहून, सही करून दिले की काम भागते.

आता कागद. तोंडी शब्दावर काम सुरू करू नये, पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर) हातात घ्यावाच. त्यात कामाचे वर्णन, दर (तो दिवसावर की कामावर), जादा काम निघाले तर त्याचा दर, प्रवास आणि सुट्या भागांचा खर्च कुणाचा आणि बिल कुणी पास करायचे, हे सगळे असावे. बिले अडकतात ती बहुतेक शेवटच्या मुद्द्यावर. प्लँटमधला साहेब तोंडभरून कौतुक करतो, पण सिस्टिममध्ये सर्व्हिस एंट्री (काम झाल्याची नोंद) करत नाही आणि ती दिसल्याशिवाय अकाउंट्सवाले बिलाला हात लावत नाहीत. म्हणून रोजच्या जॉब कार्डवर सही आणि तारीख घ्यावी, महिनाअखेरीस त्यांच्या प्रती बिलाला जोडाव्यात, बिलावर पीओ नंबर टाकावा आणि पोच घ्यावी. बिल ईमेलनेही पाठवावे. मोठे काम असेल तर निदान २५ टक्के आगाऊ मागायला लाजू नये.

याला जोडूनच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती काम घेण्याआधी हवी, वाद झाल्यावर नव्हे. एकट्याने सेवा देणाराही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करू शकतो. आधार आणि पॅन लागते, सरकारी पोर्टलवर फी शून्य आहे. पैसे मागणाऱ्या नकली साइट मात्र खूप आहेत. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पीओवर ९० दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मुदत काम पूर्ण करून दिल्यापासून मोजतात आणि कंपनीने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असे धरले जाते. जॉब कार्डवरच्या तारखेचे महत्त्व इथे कळते. पैसे आलेच नाहीत तर सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून सुकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, अर्ज करता येतो. परिषदेच्या निकालाला कंपनीला कोर्टात आव्हान द्यायचे असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अर्थात, ज्याच्याकडे पुढच्या वर्षी परत काम मागायचे आहे त्याच्यावर कुणी तक्रार करत नाही. व्यवहारात जास्त कामी येते ती २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली आयकराची तरतूद: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीबाहेर थकवले, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. आर्थिक वर्ष संपायच्या आधी, फेब्रुवारीत, उद्यम प्रमाणपत्रासह एक नम्र स्मरणपत्र गेले की कंपनीचे सीए स्वतःच पाठपुरावा करतात.

टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) कोणत्या दराने कापणार हे पीओच्या वेळीच विचारावे. व्यक्तीच्या कंत्राटी कामावर १ टक्का, तांत्रिक सेवेवर २ आणि व्यावसायिक सेवेवर १० टक्के असे दर आहेत. पॅन दिला नाही तर २०. वर्षाच्या ४,३२,००० रुपयांवर १० टक्क्यांनी ४३,२०० कापले जातात. कर लागत नसेल तर ते परत मिळतात, पण रिटर्न भरल्यावर. कापलेली रक्कम आपल्या पॅनखाली आयकर पोर्टलवर दिसते का, हे दर तिमाहीला बघावे. कंपनीने रक्कम कापली आणि विवरण भरलेच नाही, असेही घडते.

अपघाताचा विषय सगळे टाळतात. २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ईएसआयमुळे (कामगार राज्य विम्यामुळे) अपघातात तात्पुरते अपंगत्व आले तर पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. थेट काम करणाऱ्याला ते नाही. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा जरूर घ्यावा, पण प्रेसखाली बोट गेले आणि दोन महिने घरी बसावे लागले तर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी आठवड्याची भरपाई देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी लागते. मदतनीस नेणार असाल तर त्याच्यासाठी डब्ल्यूसी पॉलिसीही (कामगार नुकसानभरपाई विमा) हवी. गेटवर ती मागतातच.

‘एजन्सी सोडल्यावर दोन वर्षे त्या कंपनीत काम करणार नाही’ या अटीला घाबरण्याचे कारण नाही. करार संपल्यानंतर धंद्यावर बंदी घालणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. करार चालू असताना मात्र मागच्या दाराने जाऊ नये. एजन्सी आणि कंपनी यांच्यातील करारात माणूस परस्पर घेतल्यास भरपाई देण्याची अट असू शकते, तेव्हा कंपनीला ते आधी तपासायला सांगावे.

आणि शिफ्ट कंपनीची, हजेरी कंपनीची, हत्यारे कंपनीची, वर सुपरवायझर कंपनीचा, दुसरीकडे काम करायला मनाई, तरीही कागदावर ‘कंत्राटदार’? मग ते थेट काम नव्हे, पीएफ चुकवण्याची युक्ती आहे. अशा ठिकाणी नोकरीचे पत्रच मागावे.

सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्राने आणि उद्योजक संघटनांनी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उद्यम नोंदणीचा कक्ष लावावा आणि मराठीत छापलेला एक नमुना पीओ तिथे वाटावा, एवढी विनंती आपल्या दैनिकातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

— एक कर सल्लागार, विश्रामबाग, सांगली