स्लाइडवाल्या मॅडमना अनावृत पत्र

नागपूर

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत त्याची नोंद कॉलेजच्या कुठल्या अहवालात नाही. तुमच्या निरोप समारंभात सगळे तुमच्या शिस्तीबद्दल आणि वक्तशीरपणाबद्दल बोलले, स्लाइडबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मॅडम आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. आम्ही वास्तुकला शिकत होतो तेव्हा इतिहासाचा तास म्हणजे काळे पडदे ओढलेली खोली, कूलरची घरघर आणि भिंतीवर शेजारी शेजारी पडलेली दोन चित्रं. प्रोजेक्टर दोन असायचे, कारण वास्तूचा इतिहास तुलनेवर चालतो. डावीकडे सांचीचा स्तूप, उजवीकडे आपली दीक्षाभूमी. एक आतून भरीव, दुसरा पोकळ, आत माणसांनी बसावं म्हणून बांधलेला. हा फरक सरांनी तोंडाने सांगितला असता तर वहीत राहिला असता. दोन्ही घुमट एकाच वेळी डोळ्यांसमोर आले की दीक्षाभूमीचे वास्तुविशारद शिओ दान मल यांनी काय घेतलं आणि काय बदललं ते आपोआप कळायचं.

ती चित्रं यायची मॅडमच्या खोलीतून. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला एक पोलादी कपाट होतं आणि त्यात स्लाइडचे डबे. फिल्मचा इवलासा तुकडा, भोवती प्लास्टिकची चौकट, आणि चौकटीवर डाव्या हाताला खाली एक तांबडा ठिपका. स्लाइड सरळ धरली की ठिपका तिथे दिसतो. ट्रेमध्ये घालताना ती उलटी करायची, म्हणजे ठिपका उजवीकडे वर येतो. एवढं पाळलं की भिंतीवर देऊळ डोक्यावर उभं राहत नाही. मॅडम, तुम्ही हा ठिपका प्रत्येक स्लाइडवर स्वतः द्यायच्या. पावसाळ्यात फिल्मला बुरशी धरते म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या आणि त्यांनी ओल धरली की बदलायच्या. तुमच्या कामाच्या यादीत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पण मला आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी.

२००२ च्या सुमाराला तुमच्या टेबलावर ग्रंथालयाचा एकुलता एक इंटरनेटवाला संगणक आला. फोनच्या तारेवर चालणारा मोडेम, कागदावर छप्पन्न किलोबिटचा, प्रत्यक्षात सेकंदाला पाचेक किलोबाइट देणारा. एक मेगाबाइटचा फोटो उतरायला तीन-चार मिनिटं, तेही मध्ये लाइन तुटली नाही तर. पट्टीपट्टीने वरून खाली चित्र यायचं: आधी आभाळ, मग कळस, मग शिखर. बाकीच्यांना तो संगणक ईमेलसाठी हवा असायचा. तुम्ही मात्र जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, आमच्यासाठी फोटो उतरवत बसायच्या आणि सीडीवर भरून ठेवायच्या.

तुम्हीच पहिल्यांदा दाखवलंत की जगात हे काम आधीच सुरू झालंय. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात मेरेडिथ क्लॉसेन या वास्तुइतिहासाच्या प्राध्यापक बाईंनी १९९५ मध्येच शहरांच्या आणि इमारतींच्या फोटोंचा संग्रह नेटवर आणायला घेतला होता, कोणत्याही विद्यार्थ्याला बघता येईल असा. १९९५ म्हणजे आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्टला मोठ्या शहरांत इंटरनेट जेमतेम सुरू केलं ते वर्ष. मग एमआयटी आणि आगाखान ट्रस्टचं आर्कनेट हे इस्लामी जगातल्या वास्तूंचं संकेतस्थळ आलं. त्यावर विजापूरचा गोल घुमट होता, कैरो होतं, इस्फहान होतं. शिवाय ‘मिमार’ या वास्तुकलेच्या नियतकालिकाचे जुने अंक आणि ‘मुकर्नस’ या इस्लामी कला-वास्तूंवरच्या वार्षिकातले शोधनिबंध आख्खेच्या आख्खे वाचायला मिळत होते. ‘मुकर्नस’ नागपुरात बसून वाचायला मिळणं म्हणजे काय, हे त्या वेळच्या विद्यार्थ्यालाच विचारावं. आमच्या कपाटातल्या पुस्तकांत तोवर कैरोचा एक करडा फोटो होता, काडेपेटीएवढा.

भारतातल्या देवळांसाठी तुम्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाचं पान उघडून दिलंत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९६० च्या दशकापासून देशभर छायाचित्रकार पाठवून देवळांचे पद्धतशीर फोटो काढून घेतले होते. अधिष्ठानापासून, म्हणजे जोत्यापासून, शिखरापर्यंत, एकेका कोनाड्यासकट. मधुसूदन ढाकी आणि मायकेल माइस्टर यांनी संपादित केलेला भारतीय मंदिर-वास्तुकलेचा कोश याच संग्रहाच्या जोरावर उभा राहिला. असा संग्रह शिकागोच्या यंत्रावरून नागपूरच्या फोनच्या तारेवर येतो, यात काय नवल आहे ते आम्हाला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही पडद्याला हात लावून एकेक मूर्ती दाखवत होतात तेव्हा तुमचा आवाज वेगळा असायचा.

आता तुमच्या मथळ्याच्या, म्हणजे फोटोखालच्या नोंदीच्या, हट्टाबद्दल. मी आजही रोज त्यावर काम करते, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

कोणी रामटेकहून फोटो काढून आणला की तुमचा पहिला प्रश्न: “कुठे उभी राहून काढलास?” देऊळ कोणतं, गाव कोणतं, तालुका-जिल्हा कोणता, तोंड कोणत्या दिशेला, फोटो कोणी काढला. आणि तारखा दोन: वास्तू केव्हाची आणि फोटो केव्हाचा. केवल नरसिंहाचं देऊळ वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. पण फोटो भिंतींवरचा चुना खरवडण्याच्या आधीचा की नंतरचा, हे न लिहिता ‘पाचवं शतक’ एवढंच लिहिलं तर पाहणारा फसतो. त्याला दिसतंय ते पाचव्या शतकातलंच, असं तो धरून चालतो. पुढे मी वाचलं की चित्रसंग्रह सांभाळणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने १९९६ पासून नेमक्या याच भेदावर नोंदीचा नमुना बेतला आहे: वास्तूची नोंद वेगळी, तिच्या चित्राची नोंद वेगळी. एका वास्तूला शंभर चित्रं, आणि प्रत्येक चित्राचा स्वतःचा काळ. तुम्ही तो नमुना पाहिला होतात की स्वतःच्या अकलेने तिथे पोचलात, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या रेघा आखलेल्या रजिस्टरमध्ये मात्र दोन तारखांचे दोन रकाने होते.

नावांचंही तसंच. नगरधन आणि नंदिवर्धन या दोन्ही नावांनी शोधलं तरी एकाच जागेवर पोचता यावं म्हणून तुम्ही एक वेगळी वही केली होतीत. इंग्रजांनी आमच्या गावांची स्पेलिंगं तऱ्हेतऱ्हेने लिहिली, तीही त्या वहीत होती. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कनिंगहॅमचा १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यांचा मध्य प्रांतावरचा अहवाल पुढे स्कॅन होऊन नेटवर आला तेव्हा तीच वही कामी आली. त्या काळच्या बऱ्याच स्कॅनमध्ये घडीचे नकाशे न उलगडताच यंत्राखाली गेले होते. मजकूर दिसे आणि देवळाचा आराखडा घडीत राही. तुम्ही छापील प्रत मिळवलीत, नकाशा टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवलीत आणि स्टुलावर उभं राहून फोटो काढलात. त्या फोटोत खाली मापासाठी फूटपट्टी आहे. त्याच खात्यातल्या हेन्री कझिन्सच्या १९३१ च्या ग्रंथातल्या लोणारच्या चित्रांचंही असंच केलंत. दैत्यसूदनाचं देऊळ पाहायला आम्ही लोणारला गेलो तेव्हा कझिन्सच्या चित्रांच्या प्रिंट हातात होत्या, आणि त्याच कोनांतून पुन्हा फोटो घ्यायचे हे काम तुम्ही नेमून दिलं होतं.

वा. वि. मिराशींचा वाकाटकांच्या कोरीव लेखांचा ग्रंथ १९६३ चा. आयुष्याचा बराच काळ नागपुरात राहून काम केलेल्या या विद्वानाची मेहनत आज कोणीही घरबसल्या उघडू शकतं. त्यातल्या ताम्रपटांच्या छायाचित्रांशी अक्षर न् अक्षर ताडून बघायची सवय तुमच्या खोलीत लागली.

दुसरे आभार देण्याच्या वृत्तीसाठी. आपल्याकडे एकेका अभ्यासकाच्या घरी हजारो स्लाइड कपाटबंद असतात आणि माणूस गेला की घरची मंडळी ते डबे रद्दीत घालतात. मी प्रबंधासाठी एका कचेरीत जुन्या फोटोंची विचारणा केली तेव्हा “कशाला हवेत?” याच्या पुढे बोलणं गेलं नाही. तुम्ही उलट आम्हाला विचारायच्या, “अजून कोणाला हवेत?” २००९ मध्ये अमेरिकेतल्या वास्तुइतिहासकारांच्या संस्थेने सहारा नावाचा संग्रह सुरू केला. त्यात अभ्यासकांनी स्वतः काढलेले फोटो स्वतःच्या नोंदींसह टाकायचे आणि एकमेकांचे शिकवायला वापरायचे, संपादनाला अभ्यासक आणि ग्रंथपाल दोघं बरोबरीने. ही बातमी मला तुमच्या ईमेलमधून कळली. खाली तुमची एकच ओळ होती: “ग्रंथपाल बरोबरीने, हे वाचलंस ना?” वाचलं, मॅडम. त्या ओळीत तुमची किती वर्षं होती तेही वाचलं.

मराठी मथळ्यांसाठी तुम्ही सोसलेलं तर वेगळंच. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक फॉन्टची तऱ्हा निराळी; एका संगणकावर टंकलेलं ‘सभामंडप’ दुसऱ्यावर उघडलं की नुसती चिन्हं. सगळ्यांनी इंग्रजीत लिहा म्हणून सांगितलं. तुम्ही मराठी मथळा कागदावर हाताने लिहून, स्कॅन करून फोटोसोबत ठेवत गेलात. पुढे युनिकोड आलं तेव्हा ते सगळं पुन्हा टंकता आलं, कारण कागद होते.

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांचे फोटो आम्ही तुमच्याच सांगण्यावरून काढले. तेव्हा वाटायचं, वाडे काय, रोजचेच. त्यातल्या एका वाड्याच्या चौकातले सागवानी खांब, त्यांची कमळाची बैठक, वरच्या तुळईला धरणारे हस्त, हे सगळं आता फक्त आमच्या फोटोंत आहे. जागेवर पार्किंग आहे. मागच्या वर्षी त्या कुटुंबातला नातू आला, त्याला आजीच्या माजघराची मापं हवी होती. फोटोत फूटपट्टी होती, मथळ्यात दिशा होती. खांबाची उंची आणि दोन खांबांमधलं अंतर काढून देता आलं. तो तुमचं नाव विचारत होता.

हायकोर्टाच्या इमारतीचंही सांगायचं राहिलं. हेन्री मेडने आखलेली, १९४० साली सुरू झालेली. तुम्ही त्याच मेडच्या दिल्लीतल्या कॅथेड्रलचे फोटो शोधून दोन प्रोजेक्टरवर दोन्ही लावले होतेत. मी आता माझ्या विद्यार्थ्यांना तीच जोडी दाखवते, एकाच पडद्यावर. लावण्याचा क्रमही तुमचाच ठेवलाय, आधी दिल्ली, मग नागपूर.

आता एक काम आहे. कॉलेजने ते पोलादी कपाट काढलं तेव्हा डबे मी मागून घेतले आणि स्कॅन करायला घेतलेत. बहुतेकांच्या नोंदी तुमच्या रजिस्टरवरून जुळल्या. शेवटच्या डब्यातल्या काही स्लाइडवर मात्र नुसतं ‘देऊळ, आग्नेयेकडून’ लिहिलंय आणि अक्षर तुमचं नाही. मागे नदी दिसते; मला वैनगंगेकाठचं मार्कंडा वाटतं, पण खात्री झाल्याशिवाय लिहिणार नाही. त्यांचे मोठे प्रिंट काढलेत. येत्या रविवारी सकाळी घेऊन येते. चष्मा जवळ ठेवा.

तुमची विद्यार्थिनी