बदलून मिळणारा लॅपटॉप नको म्हणायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तुमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मी लॅपटॉप घेऊन आलो, तेव्हा तो उघडायलाही तुम्ही नकार दिलात. "वॉरंटीत आहे, मी स्क्रूला हात लावला तर उद्या कंपनी माझ्याकडं बोट दाखवंल," म्हणालात. आणि मग जे काम करून दिलंत, त्याचे पैसेही घेतले नाहीत. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी मी कास्टिंगचं मेथडिंग करतो, म्हणजे धातूचा रस साच्यात कसा ओतायचा ते ठरवतो. साच्यात ओतलेला रस कुठं आधी गोठेल, पोकळी कुठं राहील, हे सिम्युलेशनमध्ये आधी बघावं लागतं. त्यासाठी लॅपटॉप ऑर्डर देऊन बनवून घेतला होता: 64 जीबी रॅम, स्वतंत्र ग्राफिक्स, वरच्या दर्जाचा स्क्रीन. तो चालू कामात बंद पडायला लागला. सर्व्हिस सेंटरनं मदरबोर्ड बदलला आणि बंद पडणं थांबलं, पण रॅम 32 जीबी दिसायला लागली. सेंटरवाले म्हणाले, सेटिंगचा प्रॉब्लेम असेल.

सेटिंगचा नव्हता, हे तुम्ही पाच मिनिटांत सांगितलंत. या मॉडेलची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे बोर्ड बदलला की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स सगळंच बदललं. माझ्या बोर्डाचा पार्ट नंबर वेगळा होता. आला होता तो दुकानात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचा.

मी तक्रार केल्यावर कंपनीनं नवाकोरा लॅपटॉप देऊ केला. घरचे खूश. तुम्ही मात्र विचारलंत, "त्यात रॅम किती?" तीही 32 जीबीच. वॉरंटीच्या कागदात दुरुस्त करायचं की बदलून द्यायचं हे बहुतेक वेळा कंपनी ठरवते, आणि बदलून आलेल्या मशीनला सहसा जुनी उरलेलीच वॉरंटी लागते, हे मला तुमच्याकडून कळलं. बनवून घेतलेलं मशीन कपाटात तयार नसतं, ते परत कारखान्यात बांधावं लागतं. म्हणून त्याच सिरीजमधलं तयार मशीन पुढं केलं जातं.

मग तुम्ही कंपनीच्या साईटवर सिरीयल नंबर टाकून कारखान्यातून निघतानाची यादी काढलीत, प्रिंट घेतलीत आणि प्रत्येक ओळीसमोर आत्ता काय दिसतंय ते निळ्या पेननं लिहिलंत. रॅमच्या ओळीला दोनदा गोल केलात. त्या कागदाचा फोटो आणि बिल जोडून मेल पाठवला. ऐकलं नाही तर पुढचं काय, तेही सांगून ठेवलंत: 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि 2019 च्या कायद्यानुसार, बिल परगावचं असलं तरी आपण राहतो तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. एवढं कळल्यावर माझी फोनवरची भाषाच बदलली. आवाज न चढवता ठामपणे बोलता आलं.

आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. योग्य पार्ट नंबरचा बोर्ड मागवून बसवला गेला.

लॅपटॉप ताब्यात घेताना काय बघायचं हेही तुम्ही बजावलं होतं. बोर्ड बदलल्यावर बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की मागतो, ती आधीच लिहून ठेवायची. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का बघायचं. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, आपला सिरीयल नंबर आहे का, नाहीतर पुढं वॉरंटी सापडत नाही. काका, तो रकाना खरंच रिकामा होता! जॉबशीटवर (सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर) सही करायच्या आधी मी तो भरून घेतला. तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिकडं बघितलंही नसतं.

गिऱ्हाईक आपलं नाही हे माहीत असताना तुम्ही अख्खी दुपार मला दिलीत, याचं मोल मला कळतं. उद्यमनगरातल्या एका पॅटर्न डिझायनरचं असंच अडलंय, तुमच्या कागदाची झेरॉक्स त्याला दिली आहे. तो तुमच्याकडं येईल, त्याचंही एकदा ऐकून घ्या.

आपला,
शिरोलीचा मेथडिंगवाला