केसपेपर आधी पाण्यात गेला, मग संगणकातून

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर कपाट उघडलं, तर वीस वर्षांच्या केसपेपरचा लगदा झालेला. पुढे कित्येक महिने पेशंट येऊन सांगायचे, "ती पांढरी गोळी वो डॉक्टर, अर्धी घेतोय ती." एका आजींना सल्फाची ॲलर्जी आहे हे मला आठवत होतं म्हणून निभावलं. बाकी कुणाकुणाचं आठवलं नाही, ते मलाच माहीत नाही.

म्हणून संगणक घेतला. संध्याकाळच्या गर्दीत तोंड पेशंटकडे ठेवायचं की पडद्याकडे, हा रोजचा घोळ. त्याचीही सवय झाली. खरी अडचण तीन वर्षांनी आली. सॉफ्टवेअरवाल्यांनी गाशा गुंडाळला. नोंदी सगळ्या त्यांच्या सर्व्हरवर, आणि बाहेर काढायची सोय काय, तर एकेक पेशंट उघडून प्रिंट मारा! महापूर निदान सांगून येतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. इथे तेवढंही नाही.

आता आम्ही सगळ्यांनी आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये, म्हणजे आरोग्याच्या नोंदी संगणकाने जोडण्याच्या योजनेत, यावं असा आग्रह आहे, आणि तो योग्यच आहे. बरेच पेशंट या मिशनमधला आपला ओळख क्रमांक, म्हणजे 14 अंकी आभा क्रमांक, घेऊन येतात. नंबर मिळाला म्हणजे आपली फाइल सरकारजमा झाली, असा त्यांचा समज. शिकल्यासवरलेल्यांचाही तोच. प्रत्यक्षात या रचनेत नोंद जिथे झाली तिथेच राहते. पेशंटने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसते, एवढंच. गुप्ततेच्या दृष्टीने हे उत्तम. पण ती जागा माझ्यासारख्याचा एका खोलीचा दवाखाना असेल तर? संगणक बुडाला किंवा कंपनी उठली, की आभा नंबर शाबूत आणि त्यामागे काहीच नाही.

साहेब, मिशन केंद्राचं असलं तरी इथे राबवायचं राज्यालाच आहे. छोट्या दवाखान्यांना नोंदींची दुसरी प्रत कुलूपबंद ठेवायला राज्याने जागा द्यावी. किल्ली मात्र डॉक्टरकडेच राहू दे. आणि दवाखान्यांना विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमधून सगळं दप्तर एकदम, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल असं काढता आलं पाहिजे, ही अट घाला. त्यासाठी एफएचआयआर हे आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण करण्याचं मानक मिशनने आधीच स्वीकारलेलं आहे, नवं काही शोधायला नको. अनुदान-बिनुदान नंतर बघू.

आपण राधानगरीचे. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमच्या भागात लोक फ्रिज माळ्यावर चढवतात. मी आधी पेन ड्राइव्ह खिशात टाकतो. एवढ्या माणसांची दुखणी अशी खिशात घालून हिंडणं बरोबर नाही, कळतं मला. पण सध्या तेवढीच सोय आहे.

आपला,
शाहूपुरीतील एक फॅमिली डॉक्टर
कोल्हापूर