कुताईसीच्या ताईंना, सांगलीहून

प्रिय ताई,

चॅटमध्ये 'थँक यू' इतक्या वेळा टाकून झालंय की त्यात आता काही दम उरलेला नाही. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय आणि चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी आणि आईसाठी काय काय केलंत ते इकडच्या लोकांनाही कळावं असं मला वाटतं. तुमच्यापर्यंत ते मशीनच्या भाषांतरातून पोचेल. जिथे वाक्य चमत्कारिक वाटेल तिथे दोष मशीनच्या माथी मारा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. या ताई जॉर्जियातल्या कुताईसी शहरात राहतात. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. आमची ओळख ऑनलाइन बुद्धिबळातली. एका चालीला तीन दिवसांची मुदत असते ना, तसले संथ डाव. चाल पाठवताना खाली दोन ओळी लिहायची सवय लागली, आणि पुढेपुढे ओळी वाढल्या, चाली रेंगाळल्या. सांगलीच्या बाईला जॉर्जियाचीच बाई समोर मिळावी याची मला तेव्हाही गंमत वाटली होती. नूतन बुद्धिबळ मंडळ काढणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या कृपेने आमच्या गावात पोरासोरांनाही पटाचं वेड, आणि जॉर्जिया म्हणजे तर बायकांच्या बुद्धिबळाचं माहेर. 1962 ते 1978 नोना गाप्रिंदाश्विली जगज्जेती. तिला हरवलं तेही तिच्याच देशाच्या सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने, आणि माया 1991 पर्यंत हलली नाही. पुणे जिल्ह्यापेक्षा कमी वस्तीचा देश, पण जवळजवळ तीन दशकं मुकुट घरातच!

मी तुम्हाला खाडिलकर भगिनींबद्दल सांगितलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींनीच सुरुवातीच्या वर्षांत महिलांची राष्ट्रीय स्पर्धा आपसात कशी वाटून घेतली होती ते. त्यावर तुम्ही लिहिलंत, आमच्याकडे मुलीच्या आंदणात बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती असं सांगतात, तुमच्याकडे मुलीला काय देतात? मी हुंड्याचं सगळं लिहिलं. 1961 चा कायदा, आणि त्याला वळसा घालून 'आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या' म्हणणारे सासरे. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: 'बरं झालं, पर्यटन खात्यासारखं बोलला नाहीत.' तेव्हापासून तोच आपला करार. आपापल्या देशाचं नटवून सांगायचं नाही. आज आभार मानतेय ते मुख्यतः हा करार तुम्ही अक्षरशः पाळलात म्हणून.

पहिला उपकार 2019 च्या ऑगस्टमधला. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या गल्लीत पायऱ्या चढत होतं. आम्ही आईची पितळी भांडी माळ्यावर टाकत होतो. फोनची बॅटरी जपून वापरत मी तुम्हाला कळवलं की चाल उशिरा येईल. तुम्ही लगेच लिहिलंत, 'पातेली राहू द्या. आधी दाखले, घराचे कागद, फोटो.' आणि मग कधी न बोललेली गोष्ट सांगितलीत. 1993 च्या सप्टेंबरात, अबखाझियाच्या युद्धात तुमचं सुखुमी शहर पडलं तेव्हा तुम्ही घरातून एक तवा आणि थंडीचा कोट घेऊन निघालात, स्वानेतीच्या डोंगरातून चालत आलात. पदवीचं प्रमाणपत्र कपाटातच राहिलं. पुढे आपण शिक्षिका आहोत हे पटवून देता देता किती उंबरे झिजवावे लागले तेही लिहिलंत. त्या रात्री आम्ही कागदांची पेटी वर नेली. आमच्या शेजारच्या दोन घरांतही तोच निरोप दिला. सातबारा आणि दहावीची मार्कलिस्ट वाळवत बसायची पाळी ज्यांच्यावर आली त्यांना विचारा या सल्ल्याची किंमत.

मग आईचा हट्ट. टीव्हीवर कुठेतरी बर्फाचे डोंगर आणि जुनी चर्चं पाहून तिने ठरवलं की तुमच्या देशात जायचं. तिची सत्तरी उलटलेली, गुडघे दुखणारे, अंडंसुद्धा न खाणारी, त्यात संकष्टी सोडायची नाही. मी तुम्हाला प्रश्नांचा मारा केला आणि तुम्ही पहिल्याच फटक्यात माझा अर्धा बेत कापून टाकलात. काझबेगी, म्हणजे रशियाच्या सीमेजवळचे डोंगर, नको. एप्रिलमध्ये घाटात बर्फ असतो, 2300 मीटरच्या वरची खिंड आहे आणि रशियाकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत तासन्‌तास अडकायला होतं. आईंना तो रस्ता आठवेल, डोंगर नाही. टूर कंपनीच्या माणसाने मला याच्या नेमकं उलटं सांगितलं होतं, अर्थात.

खाण्याच्या बाबतीत तर तुम्ही मला थक्क केलंत. इकडे सगळे म्हणत होते, जॉर्जियात काय, चीज-पाव मिळतो, शाकाहाऱ्यांची चंगळ. तुम्ही लिहिलंत की गावाकडच्या चीजमध्ये वासराच्या जठराचं विरजण असू शकतं, आईंना ते आधी सांगा, मग त्यांचं त्यांना ठरवू द्या. राचा नावाच्या डोंगरी भागातल्या राजमा भरलेल्या रोटीत डुकराचं मांस घालतात, न विचारता तोंडात घालू नका. आईने चीज बाद केलं. तेव्हा तुम्हीच तोड काढलीत: ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात या. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही, आणि खानावळींतून 'सामार्ख्वो' म्हणजे उपासाच्या पदार्थांची वेगळी यादीच मिळते. आईने तो शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतला आणि प्रत्येक खानावळीत शिरताना एखाद्या इन्स्पेक्टरसारखा उच्चारला. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालकाचे गोळे, मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, वर भरपूर कोथिंबीर. तिखट सोडलं तर तिला कशाचीच उणीव भासली नाही.

अडचण आली ती संकष्टीला. ती नेमकी तुमच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी पडली. तुमच्या उपासाला पाव आणि राजमा चालतो पण दूध नाही. आमच्या उपासाला दूध-तूप चालतं पण धान्य-कडधान्य नाही. तुमच्या स्वयंपाकघरात आपण तिघी कागद घेऊन बसलो आणि दोघींना चालेल असं काय उरतं ते काढलं. बटाटे, अक्रोड, सफरचंदं, आणि आईने सांगलीहून नेलेला साबुदाणा, तुपाऐवजी तेलात. तुम्ही खिचडीचा पहिला घास घेतल्यावर जो चेहरा केलात तो शिष्टाचाराच्या पलीकडचा होता, पण ताट संपवलंत. कुताईसीचा चंद्रोदय फोनवर शोधून दिलात, आणि अकरा वाजून गेले तरी चंद्राचा पत्ता नाही म्हटल्यावर आईला शाल देऊन गॅलरीत बसवलंत. पंचांग सांगलीचं, चंद्र कुताईसीचा. आईच्या मते देवाला चालतं.

दुसऱ्या दिवशी मक्याच्या भाकरीवरून तुमचं दोघींचं जुंपलं. तुम्ही पीठ नुसत्या पाण्यात मळलंत, जाडजूड गोळा दोन्ही तळव्यांत दाबलात आणि मातीच्या तव्यावर टाकलात. आईला ते बघवेना. तिने परातीतला गोळा उचलला आणि थापायला घेतला, पातळ, कडेकडेने बोटं फिरवत. मक्याचं पीठ, कडा फाटणारच, पण तिने पाण्याचा हात लावून सांधल्या. तुम्ही नकारार्थी मान हलवत होतात, ती मराठीत तुम्हाला 'अहो, आतून कच्ची राहते ती तुमची' म्हणत होती. शेवटी दोन्ही भाजल्या, आणि प्रत्येकीने स्वतःचीच खाल्ली.

विमानतळाचं राहिलं. भारतीय पासपोर्ट बघितला की बरेच प्रश्न विचारतात, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, आणि फाइलमध्ये ठेवायला जॉर्जियन भाषेत एक पत्र पाठवलं होतं. अधिकाऱ्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, शेजारच्याला दाखवलं आणि हसत शिक्का मारला. पत्रात काय होतं ते मला तुमच्या घरी कळलं. पत्ता, फोन नंबर, आणि खाली: 'या बाईंशी माझा डाव अर्धा राहिला आहे आणि त्या हरत आहेत. कृपया त्यांना परत पाठवून सुटका मिळू देऊ नये.' (डाव बरोबरीत सुटला हे इथे नोंदवून ठेवते.)

कुताईसीजवळच्या त्स्कल्तुबोला तुम्ही आम्हाला नेलंत ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सोव्हिएत काळात कामगार जिथे सरकारी खर्चाने औषधी पाण्याच्या स्नानाला यायचे, ती खांबांची, कमानींची आरोग्यधामं. आता लोक पडक्या जिन्यांचे फोटो काढायला येतात. अबखाझियातून निघालेल्या हजारो कुटुंबांना नव्वदच्या दशकात तिथे खोल्या मिळाल्या आणि काहींच्या तिथेच दोन पिढ्या गेल्या. तुम्ही वरच्या मजल्यावरची तुमच्या तेव्हाच्या खोलीची खिडकी दाखवलीत. त्यातून शेगडीचं धुराडं बाहेर काढलं होतं, अंधार पडला की पोरांना कॉरिडॉरमध्ये मेणबत्तीवर बुद्धिबळ शिकवायचात. मला काही बोलायला सुचेना. आईने विचारलं, 'न्हाणीघर कुठं होतं?' मी भाषांतर करायला कचरत होते. तुम्ही म्हणालात, एवढ्या वर्षांत पाहुण्यांपैकी कुणी हे विचारलं नव्हतं. मजल्याला एक, आणि पाणी खालून बादलीने. मग तुम्ही दोघी बादल्या, जिने, पाळ्या आणि भांडणं यावर बोलत राहिलात आणि मी नुसती दुभाषी.

गेल्या वर्षीच्या जुलैत तुम्ही मला जे सुनावलंत त्याचेही आभार. 11 जुलै 2025 ला आमचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, रायगड, राजगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतला जिंजीसुद्धा. मी फटाके फोडल्यासारखे मेसेज पाठवले. तुम्ही अभिनंदन केलंत आणि खाली बाग्रातीचा फोटो लावलात. कुताईसीच्या टेकडीवरचं ते कॅथेड्रल आपण एकत्र पाहिलं होतं. ते आणि गेलातीचा मठ 1994 मध्ये यादीत गेले होते. मग डागडुजी करणाऱ्यांनी बाग्राती इतकं नवं करून टाकलं की 2017 मध्ये ते यादीतून वगळलं गेलं, गेलाती तेवढं राहिलं. 'यादीत जाणं सोपं,' तुम्ही लिहिलंत, 'सिमेंटवाल्यांवर लक्ष ठेवा.' गडावरच्या चकचकीत फरश्या आणि रंगवलेल्या तटबंद्या पाहिलेल्या कुणालाही हे झोंबेल. मी ते आमच्या ट्रेकवाल्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं.

त्याच महिन्यात तुमच्या बातुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक. तुम्ही जॉर्जियाच्या मुलींच्या बाजूने होतात, त्या बाहेर पडल्यावर आमच्या दिव्या देशमुखच्या. नागपूरची पोर एकही ग्रँडमास्टर नॉर्म (त्या किताबासाठी स्पर्धांत दाखवावी लागणारी कामगिरी) नसताना आली आणि 28 जुलैला टायब्रेकरमध्ये कोनेरू हंपीला हरवून विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब एकदमच घेऊन गेली. ती स्वतःच्या आईच्या गळ्यात पडली तेव्हा तुम्ही तिकडे रडत होतात, आम्ही इकडे. नोनाचा देश आहे, इथे बायका ग्रँडमास्टर होतातच, असं लिहिलंत. नोना 1978 मध्ये तो किताब मिळवणारी पहिली बाई. ही फुशारकी मी खपवून घेतली, कारण ती खरी आहे.

इतक्या वर्षांत माझ्याकडून तुम्ही एकच काम मागितलंत. तुमची राणी केतेवान, जिला 1624 मध्ये शिराझला इराणच्या शाह अब्बासने छळ करून मारलं, तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी 1627 मध्ये जुन्या गोव्यात आणले. ती जागा तुम्हाला बघायची होती. 2021 मध्ये भारताने त्यातला एक भाग जॉर्जियाला दिला तेव्हा तुम्ही दर्शनाला गेला होतात. मी जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या मोडक्या मनोऱ्याखाली उभी राहून तुम्हाला व्हिडिओ केला, जांभ्या दगडाच्या भिंती, खालचे कोरीव थडग्यांचे दगड, पावसाने वाढलेलं गवत. शाळेची सहल जवळच्या बॉम जीझस चर्चला रांग लावून उभी होती, इकडे चिटपाखरू नव्हतं. तुम्ही जमिनीवरचा प्रत्येक दगड सावकाश दाखवायला लावलात. माझा हात भरून आला, पण तुमच्यापुढे ते काय बोलणार.

आता तुम्ही येताय. तर कराराप्रमाणे सांगते. मिरजेपर्यंतची रेल्वे वेळेवर येईलच असं नाही. डास आहेत. रस्त्यावर हॉर्न बंद होत नाहीत, कानात घालायला काहीतरी आणा. पन्हाळ्याला गाडी वरपर्यंत जाते, रायगडाला रोपवे आहे, राजगड तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही, त्याचा आग्रह धरू नका. नाताळ तुमचा 7 जानेवारीला, त्याआधीचा उपास चालू असेल, तेव्हा बाकरवडी, भडंग आणि वरण-भात चालेल, बासुंदी दाखवून झाकून ठेवीन. नूतन बुद्धिबळ मंडळात नेईन, तिथली पोरं तुम्हाला सोडणार नाहीत. आणि आईने विचारलंय, त्या हिरव्या बाजारातून आणलेली झेंडूच्या पाकळ्यांची पूड संपत आली, ती आमटीत घालते हल्ली. येताना दोन पाकिटं आणाल का? पैसे मी देईन म्हणते, तुम्ही घेणार नाही हे तिलाही माहीत आहे.

तुमची,
सांगलीची